पिवळा दिवा लागला की

वीज कंपनीत सावधानरावांना लोकांना घाबरवण्याचा पगार मिळत असे. कागदोपत्री खात्याचं नाव 'सुरक्षा विभाग' असं सभ्य होतं, पण काम तेच. खांबांवर लावायच्या कवटीच्या पाट्या त्यांच्या सहीशिवाय बाहेर पडत नसत, आणि कवटीचे दात किती ठळक असावेत याबद्दल त्यांचं स्वतंत्र मत होतं. नव्याने भरती झालेल्या वायरमनना ते दर सोमवारी व्याख्यान देत. "पाटी वाचून कोणी शहाणं होत नाही. एकदा झटका बसला, की मात्र माणूस जन्मात विसरत नाही. आणि पायात रबर नसेल, तर तो बसणारच!" हे ते इतक्या अधिकारवाणीने सांगत, की स्वतः त्यांना आयुष्यात एकदाही झटका बसलेला नाही ही गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नसे. सावधानराव हे नाव त्यांना तिथेच चिकटलं आणि त्यांच्या मागोमाग घरी आलं. फक्त आई त्यांना बाळ म्हणे.

घरात उंदीर आला तो असा एकदम आला नाही. आधी साबणाच्या वडीवर जोडीजोडीने बारीक रेघा उमटल्या. मग सामानाच्या खोलीतून, भर दुपारी, कोणी कागद घडी करून ठेवत असावं असा आवाज येऊ लागला. घाईघाईने नाही, सावकाश, नीटनेटका. सावधानरावांची बायको त्या खोलीत डोकावली की आवाज थांबे आणि तिने पाठ फिरवली की पुन्हा सुरू होई. "अहो, उंदीर असता तर पळाला असता," ती म्हणाली. "हा थांबतो."

सामानाच्या खोलीला लागूनच आईची खाट होती. एका संध्याकाळी आई खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती, तेव्हा तो तिच्या पायावर आला.

"चढला?" सावधानरावांनी विचारलं.

"चढला कुठला, बसला. माणूस पायावर हात ठेवतो ना, तसा. आणि माझ्याकडे बघत होता."

एवढं बोलून आईने चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "महिनाअखेरच्या रविवारी मी धाकट्याकडे जाते. रागाने नाही हं."

आई 'रागाने नाही' म्हणाली, की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबत. नातेवाइकांत सावधानरावांची ओळख दोन वाक्यांत संपत असे. विजेच्या कंपनीत आहेत, आणि आई त्यांच्याकडे असते. पहिलं वाक्य ऐकताना लोक जांभई देत. दुसऱ्या वाक्याला मात्र मान डोलावत. तेच गेलं, तर मागे उरणार काय? धाकट्या भावाचा तर त्याच संध्याकाळी फोन आला. "दादा, तू वाईट वाटून घेऊ नकोस. प्रत्येकाला नाही जमत. माझ्याकडे कसं, सगळं बंदिस्त आहे." बंदिस्त या शब्दावर त्याने असा काही जोर दिला, की सावधानरावांना आपलं घर म्हणजे नुसती गाळणी वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते नगरपालिकेच्या मूषक-निर्मूलन कक्षात गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "उंदीर तुमच्याकडे येतो की राहतो?"

"त्याने काय फरक पडतो?"

"येत असेल तर आमचा. राहत असेल तर तुमचा."

"येतो," सावधानराव ठामपणे म्हणाले.

"जातो कधी?"

सावधानरावांनी उत्तर अर्जातच शोधलं.

"जाताना पाहिलाय कोणी? नाही ना? मग राहतो." कारकुनाने अर्ज परत दिला. वर आपुलकीने म्हणाला, "घरातलाच म्हणायचा आता."

हे शेवटचं वाक्य सावधानरावांच्या मनात घरी येईपर्यंत वाजत राहिलं. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत. ते जिन्यात भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिक्षा उशिरा झाली की वाया जाते. गुन्हा आणि शिक्षा यांच्यात श्वासभर अंतर राहता कामा नये. मी चाळीस वर्षं तेच केलं." समोरच्या घरातल्या काकूंनी दार किलकिलं करून आपल्या मांजराची जाहिरात केली. बायकोने मात्र कोणाचंही न ऐकता दुकानातून विष आणलं, कणकेत मळलं आणि गोळी सामानाच्या खोलीत ठेवली.

सकाळी गोळीचा तीळभर टवका गेलेला होता. दोन दिवस खोलीत सामसूम होती. तिसऱ्या दिवशी सगळे आत गेले, तर गोळी दिसेना. आईचा हरवलेला रुमाल तेवढा जमिनीवर पसरलेला होता. बायकोने तो उचलला. खाली गोळी होती, जशीच्या तशी. कोणीतरी तो रुमाल ओढत आणून, चारी बाजूंनी नीट सारखा करून, तिच्यावर पांघरला होता. मेलेल्या माणसाच्या तोंडावर पांघरतात तसा.

मुलगी कॉलेजात जाणारी, धीट. पण तीही आपल्या आईला चिकटून उभी राहिली. "बाबा, हे त्याने आपल्यासाठी केलंय का?"

या टप्प्यावर बायकोच्या भावाचा प्रवेश झाला. हा मेहुणा कॉलेजात मानसशास्त्र शिकवी आणि तिथल्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांची देखभाल त्याच्याकडे असे. उंदरांबद्दल बोलताना त्याचा चेहरा असा काही उजळे, की बहिणीला त्याच्या लग्नाची काळजी वाटे.

"भाऊजी, उंदराला ओकता येत नाही," तो खुर्चीत मांडी घालून म्हणाला. "म्हणून तो आधी तीळभर चाखतो. मग थांबतो. पोटात काय होतंय ते बघत बसतो. दुखलं, की त्या चवीला तो मरेपर्यंत शिवत नाही. तुम्ही त्याला मारायला गेलात आणि शिकवून परत आलात."

"मग करायचं काय?"

"शिकवायचंच. पण आपल्याला हवं ते. आमच्याकडे एक पेटी असते. अर्धी उजेडाची, अर्धी अंधाराची. उंदीर अंधाराकडे धावणारच. अंधारात पाऊल टाकलं, की तळपायाला एक बारीक झटका. बस. दुसऱ्या दिवशी त्याला उजेडात ठेवा. तो अंधाराच्या दाराशी येतो, एक पाय उचलतो आणि तसाच उभा राहतो. महिन्याभराने ठेवा, तरी तसाच उभा. शेजारच्या पिंजऱ्यातला, ज्याला काही झालेलं नाही, तोही ह्याच्याकडे बघून बिचकायला लागतो." मेहुण्याने आवाज खाली आणला. "कधीकधी मला वाटतं, तो आत नक्की काय बघत असेल?"

सावधानरावांना पुढचं ऐकू आलं नाही. एकदा झटका बसला की जन्मात विसरत नाही! आजवर जे ते तोंडाने सांगत आले होते, ते शास्त्र निघालं होतं. त्यांच्या अंगावर अक्षरशः मूठभर मांस चढलं.

सामानाच्या खोलीच्या उंबरठ्यावर त्यांनी धातूच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठोकल्या. दोन्हींवर एकदम पाऊल पडलं, की चिमटा बसावा इतकाच प्रवाह. उंदीर भोकातून त्या खोलीत येणार, तिथून घरात शिरायला निघणार आणि उंबरठ्यावर धडा शिकणार, अशी योजना. पण सुरक्षा विभागाचा माणूस घरच्यांना कसा विसरेल? पट्ट्यांत प्रवाह चालू आहे हे कळावं म्हणून त्यांनी चौकटीवर धोक्याचा पिवळा दिवा बसवला. रस्ता खणताना ठेवतात तसला. दिव्याचा आणि पट्ट्यांचा खटका एकच, बाहेरच्या भिंतीवर. दिवा पेटलेला असेल तर पाऊल टाकायचं नाही, खटका बंद करून मगच आत जायचं. हा नियम त्यांनी जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांकडून म्हणवून घेतला. आईने मात्र पाणी प्यायचं निमित्त करून तो म्हणायचं टाळलं.

पहिल्याच संध्याकाळी उंबरठ्याशी 'चीं' असा आवाज आला आणि आत काहीतरी धपकन पडलं. सावधानरावांनी बायकोशी हस्तांदोलन केलं, जे त्यांनी लग्नातही केलं नव्हतं.

त्यानंतर उंदीर दिसू लागला. दिवेलागणीला तो पट्ट्यांच्या पलीकडे येऊन बसे. पट्टीला नख लागू देत नसे. पिवळ्या उजेडात त्याची मिशी हलताना दिसे, पण बाकी तो अगदी निश्चल. त्याला बाहेर यायचं नव्हतं. तो नुसता घराकडे पाहत बसे, खिडकीत बसून रस्ता बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

"शिकला!" सावधानराव म्हणाले. "आई, आता तुझ्या पायावर येणार नाही."

"बरं," आई म्हणाली. पण पेटी भरायची आहे, ती सामानाच्या खोलीतून काढून दे, असंही म्हणाली.

इथून पुढे धडे वाढले. बायको साखरेचा डबा घेऊन घाईत निघाली, दिवा विसरली आणि साखर छपरापर्यंत उडाली. मुलीला मोबाइलवर बोलताना बसला. पलीकडची मैत्रीण ती किंकाळी ऐकून पायजम्यावर धावत आली. काकूंनी न विचारता मांजर आत सोडलं. ते पट्टीवरून जे उडालं, ते जिन्यात जाऊनच टेकलं, आणि त्या दिवसापासून ते सावधानरावांच्या दारावरून जाताना भिंतीला घासून जाई. काकूही मग तशाच जाऊ लागल्या. "तुमच्या घरात काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "त्याला दिसतं."

आणि एका दुपारी, खटका बंद आहे अशी पूर्ण खात्री असताना, सावधानराव ओल्या फडक्याने दोन्ही पट्ट्या पुसायला वाकले. खात्री बरोबर होती, फक्त खटका वेगळा होता; त्यांनी पंख्याचा बंद केला होता.

हा त्यांच्या आयुष्यातला पहिला झटका. तो चिमट्याएवढाच होता, हिशेबाप्रमाणे. पण तो हातात राहिला नाही. मानेमागून वर गेला आणि कुठेतरी जाऊन बसला. सावधानरावांनी कोणाला काही सांगितलं नाही. ते खुर्चीत जाऊन पेपर वाचू लागले. पेपर उलटा असल्याचं मुलीने सांगितलं, तेव्हा "जाहिरात बघतोय" म्हणाले.

हळूहळू असं झालं, की दिवा बंद असतानाही त्या खोलीत कोणी जाईना. "तू जा ना." "मी आत्ताच बसलेय." "तुम्ही जा." "मला ऑफिसचा फोन यायचाय." शेवटी नवं सामान आणलं गेलं. साखर बाहेरच्या खोलीत आली, पीठ पलंगाखाली गेलं, साबण पुस्तकांच्या मागे लपला. घर एका खोलीने आखडलं आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

मुलीच्याच लक्षात आधी आलं. "बाबा, तो दिवा बंद असला की दिसत नाही. आपण खटका दाबला रे दाबला, की येतो."

सावधानरावांनी करून पाहिलं. दिवा बंद असताना खोलीत चिटपाखरू नाही. दिवा लावला. थोड्या वेळाने आत कागद घडी केल्यासारखा तो आवाज सुरू झाला. मग पिशवी फाडल्याचा. मग सावकाश, निवांत चावल्याचा. तो पिवळ्या उजेडात, जमिनीच्या मधोमध, दोन हातांत बिस्किट धरून बसला होता. माणसं त्याला चार हातांवर दिसत होती. तो त्यांच्याकडे पाहत खात होता.

पट्टी टाळायची हे तर तो पहिल्या दिवशीच शिकला होता. तो दुसरंही काही शिकला होता. दिवा लागला की माणसं येत नाहीत.

मेहुण्याला फोन केला, तेव्हा त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाला, "भाऊजी, दिवा कोणासाठी लावला होता?"

"आमच्यासाठी."

"हं," मेहुणा म्हणाला. "मग पेटीत कोण आहे?"

आई जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सावधानरावांनी हे सगळं संपवायचं ठरवलं. घरच्यांना गोळा केलं. पट्ट्यांची पिन भिंतीतून उपटली आणि ती हातात धरून सगळ्यांना दाखवली. "बघा. प्रवाह नाही. शक्यच नाही." मग ते उंबरठ्याशी गेले, उजवा पाय उचलला आणि तो पाय तसाच राहिला. ते त्याला सांगत होते, पाय ऐकत नव्हता. आतल्या काळोखात काहीतरी हललं. पट्टीच्या पलीकडच्या कडेशी तो येऊन उभा होता, त्याचाही पुढचा उजवा पाय अधांतरी.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाय आधी सावधानरावांनी खाली ठेवला. आपल्याच बाजूला.

"उद्या बघू," ते म्हणाले. कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी धाकटा भाऊ गाडी घेऊन हजर झाला. तो नेहमीप्रमाणे मोठ्याने आला. "चल आई! पेटी कुठंय?"

"सामानाच्या खोलीत," आई म्हणाली.

"मग काढली का नाही?"

सगळे कुठे ना कुठे पाहू लागले. धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलं, बंद दिव्याकडे पाहिलं, आणि त्याला खो खो हसू आलं. "दादा! एवढ्याशा उंदरासाठी? अरे, तू लोकांना व्याख्यानं देतोस ना?" बूट तर त्याने बाहेरच काढले होते. अनवाणी, खिशात हात घालून तो डौलात उंबरठ्यापर्यंत गेला आणि पाऊल उचललं.

मागे बायको, मुलगी आणि सावधानराव, तिघांनी एकदम श्वास आत ओढला. ठरवून नाही. तो आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटला.

धाकटा थांबला. त्याने वळून तिघांचे चेहरे पाहिले. मग त्याने पाय मागे घेतला. त्याला कसलाही झटका बसला नव्हता. "काय आहे आत?" त्याने विचारलं, आणि या वेळी आवाज लहान होता.

"बाजूला व्हा," आई म्हणाली.

ती खाटेवरून उठली, चपला सरकवल्या आणि चटक-फटक करत, कोणाला काही कळायच्या आत, दोन्ही पट्ट्यांवर पाय देत सरळ आत गेली. काळोखाने तिला घेतलं.

"आई!" दोघे भाऊ एकदम ओरडले. आत कोणी गेलं नाही.

आतून पेटीचं झाकण करकरलं. मग आईचा आवाज आला, हळू, समजुतीचा. "बस, बस. मी काही करत नाही." थोडं थांबून, जणू उत्तर ऐकून घेऊन, "किती झाली? बरं बरं."

सावधानरावांच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्यांची नजर उंबरठ्यावर होती आणि त्यांना आत्ता दिसत होत्या त्या आईच्या चपला. टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या, घरातही पायातून न काढण्याच्या, जाड रबराच्या. घरातल्या सगळ्यांना झटका बसला होता, आईला एकदाही नाही. तिने नियम म्हटला नव्हता, दिवा पाहिला नव्हता. पट्ट्या बसवल्यापासून ती रोज, कोणाचं लक्ष नसताना, त्यांच्यावरून येत-जात असणार. पायात रबर असेल तर! दर सोमवारी!

आई बाहेर आली, हात रिकामे. "पेटी राहू दे. तिच्यात पिल्लं आहेत. माझ्या शालीत घातलीत. डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून."

"पण आई," धाकटा म्हणाला, "गाडी..."

"तू जा हो. पेटीशिवाय मी कुठे येऊ?"

धाकट्याने फार आग्रह केला नाही. बूट घालताना त्याने ते आधी झटकून पाहिले.

म्हणजे सावधानराव जिंकले होते. आई राहिली होती. दुसरं वाक्य शाबूत होतं. तरी त्यांनी संध्याकाळी विचारलंच, "आई, तुला त्याची भीती वाटत होती ना?"

"मी कधी म्हटलं?"

"मग धाकट्याकडे का निघाली होतीस?"

"अरे, या घरात घटकाभर बसायला जागा होती का? इथे टीव्ही, तिथे फोन, आणि तुझी व्याख्यानं सगळीकडे." आईने त्यांच्या गालावरून हात फिरवला. "आता बरं आहे."

रबरी हातमोजे घालून, जमिनीवर पालथं पडून, लांब पेचकसाने सावधानरावांनी त्या पट्ट्या काढल्या आणि कपाटात कुलपात ठेवल्या. दिवा तेवढा राहिला. तो काढायला चौकटीत उभं राहावं लागलं असतं.

पुढे एकदा ते दुपारीच घरी आले. दिवा लागलेला होता.

"कोणी लावला?"

"आम्हाला वाटलं तुम्हीच," बायको बाहेरच्या खोलीतून म्हणाली. उठली नाही.

सावधानराव पट्ट्यांच्या जागेपाशी आले. तिथे आता फक्त खिळ्यांची भोकं होती. आत आई उपड्या डब्यावर बसून सावकाश बिस्किट खात होती. तिच्या शेजारी, पेटीच्या झाकणावर, दोन हातांत तुकडा धरून ती दुसरी आई. आणि भोकांच्या त्या ओळीच्या बरोबर पलीकडे पिल्लं ओळीने बसली होती. पट्ट्या काढल्या तेव्हा त्यांचे डोळेही उघडले नव्हते. तरी त्यांतलं एकही ओळ ओलांडत नव्हतं. सगळ्यांचा पुढचा उजवा पाय किंचित वर होता.

"बाळ," आई म्हणाली, "दिवा लागलेला दिसत नाही का?"

"आई, दिवा तू लावलास?"

"रोज लावते. दिवा लागला की कोणी येत नाही. फार बरं असतं."

"हे तुला कोणी शिकवलं?"

आईने फक्त शेजारी पाहिलं. मग दोघींनी मिळून सावधानरावांकडे पाहिलं, खाणं न थांबवता.

सावधानरावांचा उजवा पाय आपसूक उचलला गेला आणि मागे येऊन टेकला. ते वळले, बाहेरच्या खोलीत आले आणि पिठाच्या डब्याशेजारी जागा करून बसले.

"आत जाऊ नका," ते बायकोला आणि मुलीला हळूच म्हणाले. "दिवा लागलाय."